स्वच्छ वही

सालेलोलोगा
२ ऑक्टोबर, बुधवार

प्रिय लुपे,

घरी सगळे बरे आहेत. तूही मावशीकडे बरी असशील असं धरून चालतो. इकडे आठ दिवस पाऊस नाही. आई रोज सकाळी टाकीत काठी बुडवून पाणी किती उरलं ते बघते. डुकरिणीला सात पिल्लं झाली, सहा जगली.

तू ऑगस्टमध्ये शाळा सोडून पलीकडच्या बेटावर, आपियाला गेलीस तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. बोटीवर दोरखंड सांभाळणारा आपला पेलेनातो आहे ना, त्याच्या हाती देईन. तो म्हणाला, "फोन असताना पत्र? बहिणीला लिहितोयस की सरकारला?" पाकीट नीट चिकटवलं आहे, कारण तो वाचतो.

तुझ्यामागोमाग मीही शाळा सोडली आणि धक्क्याजवळच्या लोखंडी सामानाच्या दुकानात लागलो, हे आईकडून कळलं असेल. काम बरं आहे. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या यांचे एकशे बारा खण आहेत. प्रत्येकावर मी नवी चिठ्ठी लावली, एका मापाची, एका शाईची. मालक गिऱ्हाइकांना बोलावून दाखवतात, "बघा, छापल्यासारखं अक्षर आहे पोराचं." मला ते ऐकवत नाही. पूर्वी आवडायचं.

शाळेत रोबोटची नवी टीम उभी राहिली. तायमानेबाईंनी जुन्यातला फक्त एतुआले ठेवला, बाकी सगळी लहान पोरं. चाकं बदलली, पण रोबोटचा हात तोच आहे, तू बनवलेला. एतुआले परवा नट घ्यायला दुकानात आला होता. पायात नव्या चपला, दोन्हींवर मोठ्या अक्षरांत नाव. म्हणाला, "आता कुणी कापली तर पोलिसांत जाईन." मग तुझी आठवण निघाली आणि तो उगाच नट हातात खेळवत उभा राहिला.

त्याच्याकडून एक कळलं. आपियाच्या तंत्रशाळेसाठी बाई या वर्षी दोन नावं देणार आहेत. शिफारशीशिवाय डिसेंबरच्या परीक्षेला बसू देत नाहीत, आणि फॉर्म ३१ ऑक्टोबरच्या आत पोचायला हवा. एक नाव एतुआलेचं. दुसरी जागा रिकामी आहे. त्याने तुझं नाव काढलं तर बाई म्हणाल्या, "यंत्राला हात लावणाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवता आला पाहिजे. तिच्या शब्दावर मला ठेवता येत नाही."

बाईंचा काही गैरसमज झाला असावा. मी त्यांच्याशी बोलेन. दुकान लवकर सुटेल त्या दिवशी जाईन.

जुलैच्या स्पर्धेत वहीवरून जे झालं त्याबद्दल इथे लिहीत नाही. झालं ते झालं. तब्येतीला जप. मावशीला नमस्कार सांग.

तुझा भाऊ,
मोनी


सालेलोलोगा
१४ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय लुपे,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. पेलेनातो म्हणतो, पत्र त्याने तुझ्याच हातात दिलं आणि तू ते एप्रनच्या खिशात घातलंस. पुढचं त्याला माहीत नाही.

काल चर्चमध्ये मुलांचा सण, पांढरा रविवार झाला. तू नव्हतीस, म्हणून मुलांचं पाठांतर यंदा माझ्याकडे आलं. पोरं पांढऱ्या कपड्यांत ओळीने उभी राहिली आणि एकही अडखळलं नाही. मग पाळक उठले. म्हणाले, "या गावात एक भाऊ आहे. बहिणीची मान खाली गेली तेव्हा त्याने स्वतःची शाळा सोडली आणि तिच्याबरोबर लाज वाहिली. बहिणीला जपणं म्हणजे काय ते त्याच्याकडून शिका." नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आई पंख्याआड रडत होती.

जेवणाचं तुला माहीतच आहे, त्या दिवशी आधी मुलं बसतात आणि मोठे वाढतात. मी वाढत होतो तर मोठ्या काकांनी माझा हात धरून मला मुलांच्या पंगतीत बसवलं. "आज तूही बस. तुला आम्ही वाढतो." स्वतः कोंबडीचा चांगला तुकडा वाढला. तो मी शेजारच्या पोराला दिला.

लुपे, मी तुझ्यासाठी शाळा सोडली नाही. माझ्या पुढचा बाक तुझा होता, तो रिकामा बघवत नव्हता म्हणून सोडली. या दोन गोष्टी एक नाहीत.

वहीबद्दल लिहितो. एकदा लिहिलेलं बरं.

रोबोटची नोंदवही सांभाळायचं काम बाईंनी मला दिलं ते अक्षरावरून. तारोच्या मळ्यात बाबांबरोबर माझी दोन वर्षं गेली, म्हणून तुझ्याहून मोठा असून तुझ्याच वर्गात बसायचो. गणितात तुझ्या मागे, यंत्रात एतुआलेच्या मागे. अक्षर तेवढं माझं होतं. वहीचे नियम बाईंनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिले होते. जे घडेल ते त्याच दिवशी शाईने लिहायचं. पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. ज्याने काम केलं त्यानेच खाली सही करायची. मला ते आजही तोंडपाठ आहेत.

पण चार महिन्यांत त्या वहीची काय दशा झाली होती. कोकोच्या कपाचा गोल डाग, ग्रीसचे अंगठे, एतुआलेने काढलेलं बाईंचं चित्र, तुझे आडवेतिडवे आराखडे. आणि मे महिन्यातलं ते पान. "ठोकळा पडला. पुन्हा पडला. पुन्हा पडला." तुझ्या घाईच्या अक्षरात चौदा वेळा. शेवटी, "एतुआलेची चप्पल कापून पंज्याला आतून लावली. ठोकळा धरला." परीक्षक हे पान उघडतील या विचाराने मला घाम फुटायचा.

गावच्या महिला समितीच्या बायका घरं तपासायला यायच्या तेव्हा आपण दोघं काय करायचो? तू चांगल्या चटया अंथरायचीस. मी फाटक्या चटया, काळी पातेली, ठिगळाच्या उशा उचलून नीरफणसामागे टाकायचो. बायका बघून गेल्या की परत आणायचो. आपलं घर कधी नापास झालं नाही. मला वाटलं, परीक्षक म्हणजे तसेच. येणार, बघणार, जाणार. परक्याच्या नजरेला फाटकं पडू द्यायचं नाही, एवढं एक काम मला लहानपणापासून चांगलं येत होतं.

म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत नवी वही घेतली आणि सगळं उतरवून काढलं. पडलेले ठोकळे गाळले. चपलेला "रबराचा थर" म्हटलं. सह्यासुद्धा मीच केल्या, ज्याच्या त्याच्या वळणाने. कुणाला सांगितलं नाही. स्पर्धेच्या टेबलावर ठेवेन आणि सगळे खूश होतील, असं मनात होतं.

त्या न्यूझीलंडच्या परीक्षक बाईंनी पानं उलटली आणि म्हणाल्या, "वही फार स्वच्छ आहे." मी थँक्यू म्हणालो. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

"चार महिन्यांत एकदाही काही बिघडलं नाही?"

तू हसलीस. "चौदा वेळा ठोकळा पडला की. मग याची चप्पल कापली."

"अरे वा. ते कुठल्या पानावर आहे?"

तू वही ओढून घेतलीस. नवी वही तू तेव्हा पहिल्यांदा बघत होतीस. पान सापडलं, १४ मेचं. चौदा वेळा नव्हतं, चप्पल नव्हती, खाली तुझं नाव होतं. परीक्षक बाईंनी त्यावर बोट ठेवलं. "या सगळ्या सह्या एकाच हाताच्या दिसतात. ही तुझी आहे?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी रोबोटच्या वायरीकडे बघत होतो.

"माझी," तू म्हणालीस.

"आणि बाकीच्यांच्या?"

"त्याही मीच केल्या."

आपल्या रोबोटने त्या दिवशी सगळ्यांत जास्त ठोकळे खांबावर चढवले होते. तरी पुढच्या फेरीसाठी ऑकलंडला दुसरी शाळा गेली. खोट्या सह्यांची वही असलेल्या टीमचे गुण धरत नाहीत.

मी गप्प राहिलो. माझा गुन्हा तेवढा. जुनी वही कुठे आहे ते विचारू नकोस.

बाईंकडे अजून गेलो नाही. सध्या दुकानात माल उतरतो आहे, वेळ मिळत नाही.

मोनी


सालेलोलोगा
२४ ऑक्टोबर, गुरुवार

लुपे,

"माझा गुन्हा तेवढा" असं मागच्या पत्रात लिहिलं. ते खोटं आहे. मालही एकदाच उतरला, अर्ध्या तासात. दुकान रोज चारला सुटत होतं.

स्पर्धेहून परतताना बोटीवर तू खाली मोटारींच्या मजल्यावर रोबोटच्या खोक्यापाशी बसून राहिलीस. कुणी तुझ्याशी बोलत नव्हतं. मी वर कठड्याला टेकून उभा होतो. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मोनी, अक्षर तर तुझं आहे." आवाजात राग नव्हता. मला बोलायला जागा करून देत होत्या, हे आता कळतं.

मी म्हणालो, "लुपेने सांगितलं म्हणून लिहिलं. ती म्हणाली, तू उतरवून काढ, सह्या मी करते."

हे मी आधी जुळवून ठेवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि अख्खं वाक्य बाहेर आलं, एकही शब्द न अडखळता. बाईंनी मान हलवली. "बहिणीने सांगितलं की भावाला नाही म्हणता येत नाही. कळलं मला," म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. लुपे, त्यांनी माझी कीव केली. कुठल्याही भावाने बहिणीचं ऐकावं, तसं मी ऐकलं असं त्यांना वाटलं, म्हणून दुसरा प्रश्न विचारला नाही. दोन तासांपूर्वी तू सगळ्यांसमोर मला वाचवलं होतंस.

बाई एकदाही तुझी बाजू विचारायला का आल्या नाहीत, असं तू जाण्याआधी आईला विचारलंस. मी पलीकडे चटईवर बसून शर्टाला बटण लावत होतो. उत्तर माझ्याकडे होतं. मी दोरा दाताने तोडला आणि पुढचं बटण घेतलं.

जुनी वही मी जाळली. स्पर्धेच्या आधीच्या रविवारी, उमूच्या चुलीचे दगड तापवताना. तू विचारलंस, "कसला वास येतोय?" मी म्हणालो, चुकून प्लास्टिकची पिशवी गेली. ते वहीचं कव्हर होतं. तुझे सगळे आराखडे त्यात होते. तुझ्या हातचं, तुझ्या खऱ्या सहीचं एक पानही आता कुठे नाही.

काल शाळेत गेलो.

पोरं जमिनीवर सामान मांडून बसली होती. एतुआले एकाला ओरडत होता, "अरे, मोटार उलटी लावलीस. हा पुढे जायचा सोडून घरी जाईल." मला बघून म्हणाला, "आले पंतोजी. आमचं शुद्धलेखन तपासायला आलात का?" पोरं हसली.

मी बाईंना म्हणालो, "बाहेर येता का? थोडं बोलायचं होतं."

"कशाबद्दल?"

"लुपेबद्दल."

"मग इथेच बोल. तिचं नाव याच खोलीत खराब झालं."

काय बोलायचं ते मी कागदावर लिहून पाठ केलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. वाक्यं मधेच तुटत गेली. वही, सह्या, उमू. बोटीवरचं सांगताना दोनदा थांबलो, पण सांगितलं. एक मोटार नुसतीच फिरत होती, ती एका पोराने बंद केली.

एतुआले म्हणाला, "माझी चप्पल वहीतून काढलीस ते मी सोडून दिलं असतं, मोनी. पण ती जाईपर्यंत महिनाभर शेजारी बसायची आणि मी तिच्याशी बोललो नाही. एकदा तिने पट्टी मागितली तर मी खिडकीबाहेर बघत राहिलो." मग तो पोरांना घेऊन बाहेर गेला. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

बाईंनी विचारलं, "जुन्या वहीचं एखादं पान तरी उरलं आहे का? परीक्षकांना पाठवता आलं असतं." मी नाही म्हणालो. त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पाठ तशीच ठेवून म्हणाल्या, "मी तिलाही विचारायला हवं होतं. ज्याचं अक्षर चांगलं, त्यालाच विचारून मोकळी झाले." मग कपाटातून फॉर्म काढला, तुझं नाव लिहिलं, शिफारस लिहिली, आपली सही केली. "हा तिला पाठव. खालची सही तिची तिने करायची. तिला नको असेल तर तसंही चालेल. मला तिच्याशी वेगळं बोलायचं आहे, ते मी माझं बघेन. आणि तू आता जा. मला तुझ्याकडे बघवत नाही."

फॉर्म या पाकिटात आहे. पुढच्या गुरुवारच्या आत तंत्रशाळेच्या खिडकीवर द्यायचा. मावशीच्या घरापासून चालत जाता येतं. तो मी स्वतः आणत नाही, पेलेनातोच्या हातीच पाठवतो, म्हणजे तो घेण्यासाठी तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. फॉर्म तुझा आहे. तो घेतलास म्हणून मला काही मिळालं असं मी समजणार नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर घरी सांगितलं. आईने हातातला पंखा खाली ठेवला. विचारलं, "बटण लावत होतास तेव्हा तुला माहीत होतं?" मी हो म्हणालो. मग ती उठून आत गेली.

बाबा म्हणाले, "पाळकांना कोण सांगणार?"

"मी."

"कधी?"

"त्यांच्याकडूनच येतोय."

मोठे काका हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "दुसऱ्या घरचा गुन्हा केला असतास तर घराण्याचा प्रमुख म्हणून मी डोक्यावर चटई घेऊन त्यांच्या अंगणात तुझ्यासाठी बसलो असतो. त्यांनी येऊन ती उचलेपर्यंत हललो नसतो. तू सख्ख्या बहिणीचा केलास. आता कुणी बसायचं, आणि कुणाच्या अंगणात? अंगण तर आपलंच."

मग बाबा म्हणाले, "ज्याने केलं तो बसेल." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

परवा, शनिवारी, मी पहिल्या बोटीने येतो आहे. मावशीच्या अंगणात, पायऱ्यांपासून लांब, फाटकाजवळ बसेन. चटई आणणार नाही. ती डोक्यावर घ्यायचा मान काकांसारख्यांचा, मला तो नाही. नुसता बसेन. मावशीला आधी सांगायचं की नाही ते तू ठरव. शेजारी विचारतील, पोरं हसतील, त्यांना हसू दे. पाऊस आला तरी उठणार नाही. तू बाहेर यायला हवं असं नाही. पडद्याआडून बघायला हवं असंही नाही. आलीस आणि जे बोलायचं ते बोललीस तर ऐकून घेईन, मधे बोलणार नाही. अडीचला उठून बस पकडेन, कारण शेवटची बोट चारची आहे. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा येईन.

मालकांना सांगितलं आहे की शनिवारी मी नसेन. त्यांनी विचारलं, "किती शनिवार?" मी म्हणालो, ते माझ्या हातात नाही.

"तुझा भाऊ" हे शब्द आणि घरचं मोनी हे नाव तू म्हणेपर्यंत लिहीत नाही.

सायमोनी